पाठक मास्तरांची आठवी ओळ

पाठक मास्तर कविता लिहून झाली की शाई टिपकागदाने टिपत आणि मग तो टिपकागद जाळत. टिपकागदावर उलटी उमटलेली अक्षरं आरशासमोर धरली की सुलटी वाचता येतात, आणि शेवगावात निदान एक तरी माणूस तेवढ्यासाठी आरसा घेऊन फिरत असणार, अशी त्यांची खात्री होती. तो माणूस मी, असा त्यांचा संशय होता.

संशयाला कारणही होतं. मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवीत असे आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत पेटी वाजवीत असे. "तुमच्या लोकांना दर रविवारी भजनं लागतात, योहान मास्तर," ते एकदा मला म्हणाले. "ती येतात कुठून?" मी सांगितलं, की आमची भजनं माझ्या आजोबांच्या वेळेपासून तीच आहेत. "तेच म्हणतो मी. आता संपत आली असतील."

त्यात आम्ही शेजारी. एकाच घराचे दोन भाग, मधे एक मातीची भिंत. भिंतीला कान असतात हे सगळेच म्हणतात. पाठक मास्तरांचं म्हणणं, माझ्या भिंतीला वाचताही येतं. त्यांच्या कविता पत्र्याच्या ट्रंकेत असत, ट्रंकेची किल्ली जानव्याला असे, आणि ट्रंकेच्या झाकणावर लिंबाचं एक पान ठेवलेलं असे. मधल्या सुट्टीत घरी जाऊन ते पान हललं का पाहून येत. एकदा पान जागेवर नव्हतं. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी पान त्यांच्याच टोपीत निघालं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "टोपीत कुणी घातलं?"

त्यांना टोपणनावही होतं म्हणे, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक ओळखतील ना. वर्गात क्रमिक पुस्तकातली कविता शिकवताना एखादी ओळ फार आवडली की ते थांबत, पुस्तक मिटत आणि मुलांना म्हणत, "हा गृहस्थ मला कधी भेटलेला नाही. तरी चौकशी करायला हवी."

पण या सगळ्यावर कडी होती ती शेवटच्या ओळीची. बायको वारल्यावर मास्तर एकटेच शेवगावला आले, आणि आल्यापासून त्यांनी एकाही कवितेची शेवटची ओळ कुणाला ऐकवली नव्हती. गणपतीच्या मेळ्यात लोक आग्रह करत. मास्तर उभे राहत, गोड आवाजात कविता म्हणत, लोक माना डोलवत, आणि शेवटच्या ओळीपाशी आले की कागदाची घडी घालून खाली बसत. "शेवटची ओळ माझ्यापाशी," म्हणत. पहिल्या वर्षी लोक चिडले. तेव्हा आमचा शाळेचा शिपाई सखाराम उठला. तो घोडेगावचा, गुरांच्या बाजारात वाढलेला. म्हणाला, "बराबर हाय मास्तरांचं. जनावर इकलं तरी दावं मालक सोडून घेतो. आपल्याकडं रीतच हाय ती." लोकांना ते पटलं. तेव्हापासून दाव्याशिवायची कविता ही शेवगावची रीत झाली.

असंच चाललं असतं. पण शाळाखात्याच्या डेप्युटी साहेबांची तपासणी ठरली. पाठक मास्तरांचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं, त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं हे साहेब ठरवणार होते. घर म्हणजे काय, तर तीच भिंतीपलीकडची खोली. हेडमास्तरांनी युक्ती काढली. पाठकांनी स्वागताचं पद लिहावं, मी ते पेटीवर मुलींकडून बसवून घ्यावं, साहेबांनी खूष व्हावं. म्हणजे मास्तरांची भाकरी त्या पदावर, आणि ते पद ज्या चोराच्या हाती द्यायचं तो मी.

त्यांनी दिलं. आठ ओळींच्या पदाच्या सात ओळी, एका वेळी एक, सात दिवसांत. आठवी मागितली तर म्हणाले, "त्या दिवशी सकाळी देईन." मी हेडमास्तरांकडे तक्रार केली. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, की तुमच्या पाया पडतो, पण त्यांना आता डिवचू नका.

याच दिवसांत माझ्या बायकोने, मार्थाने, एक गोष्ट माझ्या कानावर घातली. पलीकडे पहाटे जातं फिरतं. लढाईचे दिवस होते, ज्वारी चिठ्ठीवर मिळायची, तीही किडकी. आणि मास्तर तर खाणावळीत जेवत. मग हा एकटा माणूस रोज पहाटे दळतो काय, आणि दळलेलं जातं कुठे? गावात चोरून धान्य साठवणारे होतेच. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. चार वर्षं मला चोर म्हणणारा माणूस स्वतः धान्यचोर निघत होता.

"मला न्हाई तसं वाटत," मार्था म्हणाली. "आवाज येगळा हाय त्यो." पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

तपासणीच्या दिवशी पहाटे जातं सुरू झालं तसा मी उठलो आणि सरळ त्यांच्या दारात गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. पाठक मास्तर खुंटा धरून जात्यापाशी बसले होते. शेजारी सूप नव्हतं, पोतं नव्हतं, पाळीवर चिमूटभर पीठ नव्हतं. ते रिकामंच जातं फिरवत होते. ओठांवर पदाच्या ओळी होत्या. सातवी झाली की थांबत, कान देऊन बसत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात. ते सांगायचं सोडून मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

त्यांनी मला पाहिलं. "चोरायला आलात?" त्यांनी विचारलं. मग खुंट्यावरचा हात काढला. "बसा. चोरण्यासारखं काही नाही. आठवी ओळ मला येतच नाही."

मी बसलो. ते जात्याकडे बघत बोलले. बायकोला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती पहाटे दळायची आणि हे उशाशी कंदील ठेवून कविता म्हणत पडायचे. शेवटाला अडले की ती दळता दळता ओळ टाकायची, जाता जाता मीठ टाकावं तशी. हे लिहून घ्यायचे. कविता छापून यायच्या, खाली नाव यांचं. लोक म्हणायचे, पाठकांचा शेवट फार सुंदर. "मी कुणाला सांगितलं नाही," ते म्हणाले. "तिलाही कधी म्हटलं नाही, की ही ओळ तुझी. म्हणून मला वाटतं, योहान मास्तर, की सगळे चोर. पहिला मीच."

मला फार वाईट वाटलं. त्यांचं वाटलं, आणि दारात आलो तेव्हा माझ्या मनात जे होतं त्याचंही वाटलं. मी एवढंच म्हणालो, की ओळ राहू द्या, पेटी माझ्या हातात आहे.

साहेब आले. मुलींनी सात ओळी म्हटल्या आणि गप्प झाल्या. आठव्या ओळीची चाल मी नुसती पेटीवर वाजवली. साहेबांनी मान वर करून विचारलं, शेवटच्या ओळीचे शब्द कुठे आहेत? हेडमास्तर हात जोडून पुढे झाले. दारातून सखारामच बोलला, "दावं मालकापाशी ऱ्हातं, सायेब." साहेब शेतकऱ्याच्या घरचे असावेत. ते बराच वेळ हसले आणि पाठक मास्तरांना त्यांनी कायम केलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आमच्या दाराशी आले, हातात ज्वारीची लहान पिशवी. माझ्याशी नाही, मार्थाशी बोलले. "बाई, तुमचं जातं परसाकडे आहे. भिंतीलगत आणता येईल का? पीठ मला नको. आवाज तेवढा इकडे येऊ द्या."

मार्थाने पिशवी घेतली नाही. म्हणाली, "दळन आमचं असतंच की, मास्तर. आवाजाला काय लागतंय." आणि तिने माझ्याकडून जातं ओढवून भिंतीला लावलं.

तिसऱ्या पहाटेची गोष्ट. मार्था दळत होती. पलीकडे सात ओळी झाल्या, आणि नेहमीसारखी शांतता. मग भिंतीपलीकडून हाक आली.

"योहान मास्तर, ऐकताय का?"

"नाही," मी म्हणालो.

मग त्यांनी आठवी ओळ म्हटली. सावकाश, मोठ्याने, दोनदा. मार्थाचं जातं आपोआप थांबलं. मास्तर म्हणाले, "ओळ कुणाला सांगू नका. तिचं नाव सांगितलंत तर चालेल."

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ओळ मला पाठ आहे, पण ती मी इथे लिहिणार नाही. नाव द्वारकाबाई.