बाळाजीमामांना थंडी वाजत नाही

थंडी ही मनाची असते, असं बाळाजीमामांचं ठाम मत होतं. माघातल्या सकाळी म्हसळ्याच्या खाडीवर बोचरा वारा सुटला होता. होडीवाला घोंगडी पांघरून वल्हं मारत होता आणि मामा सदऱ्याची बटणं सोडून बसले होते. शेजारी त्यांचा भाचा दिनानाथ, वाळत घातलेल्या बोंबलासारखा, वाऱ्यावर हलत होता.

"ताठ बस," मामा म्हणाले. "मुलगी बघायला चाललायस."

मामा मुंबईला गिरणीत होते. ते स्वतःला 'रुंद हाडाचा माणूस' म्हणत. लठ्ठ हा शब्द त्यांच्यासमोर कोणी काढत नसे. हे स्थळ त्यांच्या बहिणीनं, मैनानं, मोठ्या खटपटीनं जुळवलं होतं. "दादा, तू फक्त सोबत जा. काही बोलू नकोस," असं तिनं बजावलंही होतं.

होडी काठाजवळ आली. मामा रुबाबात उठून एका कडेला उभे राहिले. पुढचं काम होडीनं केलं. मामा आणि भाचा, दोघंही छातीभर पाण्यात.

मुलीचा बाप रावजी काठावरच उभा होता. त्यानं दोघांना ओढून काढलं, घरी नेलं आणि कोरडी धोतरं पुढं केली.

"कशाला?" मामा म्हणाले. "हे कपडे अंगावरच वाळतील. आम्हाला कुणालाच थंडी वाजत नाही."

रावजीनं धोतरं आत नेली. सुटलेल्या एसटीकडे बघावं तसा दिनानाथ त्यांच्याकडे बघत राहिला.

मुलीची आई नीराबाई दाराआडून म्हणाली, "नाव काय म्हनायचं?"

"दि... दि... दि..."

"पुढं?"

"ना... ना... ना..."

"न्हाय म्हनतोय का काय, मुलगी न बघताच?"

एवढ्यात मुलगी, राही, चहा घेऊन आली. दिनानाथनं कपबशी घेतली तशी ती टाळांसारखी वाजू लागली. अर्धा चहा मांडीवर सांडला. त्या उबेनं त्याचा चेहरा क्षणभर उजळला, आणि पुन्हा दातांवर दात आपटू लागले.

रावजी गंभीर झाला. "बाळाजीराव, पोराला हिवताप हाय का?"

"छे. पाण्यात पडला ना."

"तुमी पन पडलाव. तुमी तर पंख्यानं वारा घेताव."

मामांनी हातातला पंखा हळूच खाली ठेवला.

"तापाच्या घरात पोर न्हाय द्यायची मी," आतून नीराबाई म्हणाली. "जल्मभर काढे उकळत बसंल." तरी माणुसकी म्हणून तिनं काडेचिराइताचा कडूजहर काढा पाठवला. तो पिऊन दिनानाथचं तोंड असं झालं, की रावजीची तापाबद्दल खात्रीच पटली. त्यानं पाहुण्यांना परत न्यायला होडी थांबवून ठेवायला सांगितलं.

आता मामांना मैना दिसू लागली. तिला काय सांगणार? त्यांनी घसा खाकरला, छताकडे पाहिलं.

"रावजीराव, पोर ठणठणीत आहे. दोष माझा आहे. आमच्या गिरणीचे डॉक्टर म्हणतात, माझ्यासारख्याच्या अंगात थंडीची वर्दी मेंदूला उशिरा पोचते. चरबी तिला दारातच अडवते. वर्दीच नाही, तर मेंदू अंगाला कापायला सांगणार कसा? या पोराच्या अंगावर अडवायला काहीच नाही. वर्दी तडक आत जाते."

"म्हंजे?"

"म्हणजे..." मामांनी डोळे मिटले. "मी लठ्ठ आहे."

"त्ये दिसतंय की," रावजी शांतपणे म्हणाला. "पन पोराचं खरं कशावरून?"

तोड नीराबाईनं काढली. पोराला कोरडं नेसवून चुलीशी बसवायचं. थंडी असली तर जाईल, ताप असला तर राहील. चुलीशी राही भाकऱ्या थापत होती. तिच्यासमोर दिनानाथला पाटावर बसवलं. थोड्या वेळानं आतलं दातांचं वाजणं थांबलं. मग हलकं हसू ऐकू आलं. मग दोघांचं.

ओटीवरचं ऊन कधीच सरकलं होतं. मामांचं धोतर अजून ओलंच होतं आणि खाडीवरचा वारा थेट येत होता. डॉक्टरांनी 'उशिरा पोचते' म्हटलं होतं, 'पोचत नाही' म्हटलं नव्हतं. मामांच्या गुडघ्यांना वर्दी पोचली. त्यांनी पहिली शिंक गिळली. दुसरी गिळवेना.

"दिनानाथ," त्यांनी हाक मारली, "गेली का रे थंडी? उठतोस का तिथनं?"

"थोडी हाय अजून, मामा," आतून उत्तर आलं. आवाज अगदी स्थिर होता.