सासूबाईंच्या डोक्यावरची पखाल

सासूबाईंच्या उशीवर टपकणारं पाणी जावयाने बंद केलं, त्याला चारच दिवस झाले होते. कोळशाच्या खाणीत छताचे सुटे दगड खाली येऊ नयेत म्हणून तिथे पातळ लेप फवारतात. त्या लेपाची चाचणी घेणं ही त्याची नोकरी. उरलासुरला लेप त्याने घरच्या छतावर मारला, थेंब थांबले आणि जावयाची कॉलर ताठ झाली.

आज दुपारी घरी येऊन त्याने वर पाहिलं. वरच्या मजल्याची गळती थांबली नव्हतीच, तिने फक्त खाली पडायचं सोडलं होतं. लेप छतापासून सुटून, आत पाणी साठून पखालीसारखा फुगला होता आणि बरोबर त्याखाली, पायाला प्लास्टर घालून, सासूबाई पडल्या होत्या.

"आई, हलू नका. म्हणजे, हला. पलंग बाहेर घेतो."

"कशाला? तुम्हीच सही केलीत ना या लेपावर?"

चाचणीच्या अहवालावर त्याने सही केली होती, पण चाचणी फक्त कोरड्या दगडावर झाली होती. ओल्या दगडाचं नाव काढताच साहेबांनी डोळे वटारले आणि या शूरवीराने मुकाट्याने सही ठोकली.

"अहो, दादा सोमवारपासून खाणीत याच लेपाच्या छताखाली काम करणार आहे," बायको म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पोरगा ज्याखाली जाणार, त्याखाली मी पडले तर काय बिघडलं?" सासूबाई म्हणाल्या. "साहेबांना बोलवा. अहवालावर त्यांची सही राहिलीय ना अजून?"

पखाल जराशी डुचमळली. त्याने फोन लावून साहेबांना फाइल घेऊन घरी बोलावलं.

साहेब दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. अहवालाची फाइल काखेत मारून ते तणतणत आले, वर पाहिलं आणि उंबऱ्यावरच थबकले.

"या ना," सासूबाईंनी पलंगाशेजारची खुर्ची दाखवली. "इथं बसून निवांत सही करा."

"नको, मी इथंच बरा आहे."

"का? लेप चांगला आहे ना?"

वर काहीतरी डुबुक वाजलं. साहेब एक पाऊल मागे सरकले. मग नजर न मिळवता त्यांनी फाइल जावयाच्या हातात दिली.

"ओल्या दगडावर परत घे चाचणी. सोमवारचं काम मी थांबवतो."

ते जिना उतरून गेले, तशी सासूबाईंनी जावयाचं मनगट घट्ट धरलं. त्यांचा हात गारठला होता.

"आता हलवा मला लवकर," त्या पुटपुटल्या. "सकाळपासून जीव मुठीत धरून पडलेय."