पायरीला पाणी

मागच्या दाराला एक पायरी करायची, एवढंच मी ठरवलं होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दारातून अंगणात उतरणं तिला जमेना. अंगणात लिंबाचं झाड, झाडाखाली तिची खुर्ची. आई दिवसभर खिडकीतून त्या खुर्चीकडे बघत बसायची.

"गवंड्याला बोलवा," बायको म्हणाली.

"एका पायरीसाठी गवंडी? मी करतो. रविवारी आई खुर्चीत बसलेली दिसेल!"

बायको नुसती हसली. (ती अशी हसली की घाबरायचं असतं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.)

शनिवारी सकाळी फळ्या ठोकून साचा केला. सिमेंट, वाळू, खडी कालवायला भांडं हवं, म्हणून बायकोचा कपडे भिजवायचा निळा चौकोनी टब उचलला. ती बाजारात गेली होती, त्यामुळे परवानगीचा प्रश्नच आला नाही. माल एवढा कालवला की साचा काठोकाठ भरूनही अर्धा टब उरला. तो कोपऱ्यात गोणपाटाखाली दडवला. पायरीवर थापी फिरवली, तर अशी गुळगुळीत दिसू लागली की मीच तिच्या प्रेमात पडलो.

मग घरच्यांना जमवून बजावलं, "काँक्रीटला पाणी मारावं लागतं. नाहीतर तडे जातात. अजिबात हयगय नको!" आणि कंबर धरून आडवा झालो.

(पाणी दुसऱ्या दिवशी, माल घट्ट झाल्यावर मारायचं असतं. मला माहीत होतं. सांगायचं राहिलं.)

या घरात माझं कोणी ऐकत नाही. साधा पंखा बंद करा म्हटलं तरी तो रात्रभर फिरतो. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी ऐकलं. संध्याकाळी उठून पाहतो, तर साच्यात पायरीऐवजी करडा लगदा! फळ्यांच्या फटींतून तो खुशाल मोरीकडे निघाला होता.

"पाणी कोणी मारलं?" मी ओरडलो.

"मी. दोन बादल्या," बाबा छाती काढून म्हणाले. "हयगय नको म्हणालास ना?"

"मी पाइपच लावून ठेवला होता," बायको म्हणाली.

"आणि मी इथूनच, दारातून, तांब्याने," आई हळूच म्हणाली. "माझ्यासाठी एवढा राबतोयस, म्हटलं आपलाही हात लागू दे."

आता चिडणार कोणावर? मी मटकन उंबऱ्यावर बसलो. "असू दे रे, पुढच्या रविवारी बसेन," असं आई म्हणाली, तेव्हा तर रडूच यायचं बाकी होतं.

रविवारी सकाळी बायकोच्या किंकाळीने जाग आली. तिला टब सापडला होता. आतल्या मालाचा पार दगड झाला होता. गोणपाटाखाली त्याला ना कोणाचं पाणी लागलं, ना माझा हात. बाबांनी हातोडीने टब फोडला, प्लास्टिक सोललं आणि आतून सरळ काठांचा, भक्कम ठोकळा निघाला. लगदा बाजूला सारून तिघांनी तो ढकलत दाराशी आणला आणि पालथा घातला. उंची नेमकी बसली.

आईने माझा खांदा धरून त्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि ती अंगणात उतरली. खुर्चीत टेकल्यावर तिचे डोळे भरून आले.

"काय सुरेख झालीय पायरी! कशी केलीस रे?"

मी घसा खाकरला. टबाचे निळे तुकडे वेचता वेचता बायको म्हणाली, "हिला यांनी काहीच केलं नाही, आई. म्हणून तर झाली."