हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे

दुसऱ्याच्या प्रेमात माणसानं पडू नये. म्हणजे दुसऱ्याच्या प्रेमाच्या भानगडीत पडू नये, असं मला म्हणायचंय. (पहिलं वाक्यही चुकीचं नाही, पण ते मंगलसमोर बोलायची सोय नाही. मंगल म्हणजे माझी बायको.)

मी अनिलकुमार. औरादला तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. वीस वर्षं झाली. माणूस समोर बसून मराठीत रडतो, मी ते कन्नडात उतरवतो, खाली 'अर्ज लिहिणार: अनिलकुमार' असा माझा ठसठशीत शिक्का मारतो. दोन हजार आठ साली मी जुना टाईपरायटर काढून टाकला आणि कॉम्प्युटर घेतला. वर नेटची वायर पण ओढून घेतली. हाच तो माझा छोटासा निर्णय. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज माझी इज्जत औरादच्या बाजारात शाबूत असती.

नेट आलं त्याच आठवड्यात तानाजी शेडमध्ये येऊन उभा राहिला. तानाजी म्हणजे मंगलचा धाकटा भाऊ. वय बत्तीस, टेम्पो चालवतो, आमच्याकडेच राहतो, आणि बोलायचं म्हणलं की त्याच्या अंगावर काटा येतो. सात ठिकाणी पोरी बघून झाल्या होत्या. सातही ठिकाणी हा पोहे खाऊन, मान खाली घालून परत आला. पोरीकडची माणसं शेवटी मला विचारायची, "पाव्हणं, पोराला बोलता येतं ना?"

तर तानाजी खिशातनं एक चिठ्ठी काढून म्हणाला, "दाजी, हे बघा."

चिठ्ठीवर चॅटिंगचा पत्ता होता. पोरीचं नाव पिंकी. गाव मन्नाएखेळ्ळी, कामाला पुण्यात, कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर. एका लग्नात वऱ्हाड तानाजीच्या टेम्पोत होतं. हिला गाडी लागायची म्हणून पुढं बसवलं, आणि यानं कुरकुर न करता चार वेळा टेम्पो थांबवला. उतरताना तिनं चिठ्ठी दिली. फोन नको म्हणाली, खोलीवरच्या पोरी कान लावून बसतात. दुपारच्या सुट्टीत चॅटिंगवर ये म्हणाली.

"मग कर की चॅटिंग," मी म्हणालो.

"मला कुठं येतंय टायपाया? तुमी लिहायलाव की सगळ्या तालुक्याचं."

हे खरं होतं. स्तुती ऐकली की माझा हात आपोआप कीबोर्डवर जातो. माझ्याच नावानं खातं उघडलं (त्याचं नाव घालायला हवं होतं, पण ते नंतर कळलं), आणि म्हणालो, "सांग, काय लिहू?"

"कशी हायस म्हणा."

मी लिहिलं: 'महोदया, मौजे औराद येथील रहिवासी तानाजी, व्यवसाय टेम्पोचालक, यांची नम्र विनंती की आपली प्रकृती कशी आहे ते कळविण्याची कृपा व्हावी.'

तानाजीनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दाजी, हे जरा लांब झालं."

"गप. वजन पडतं असं लिहिलं की."

दोन मिनिटांनी उत्तर आलं: 'अर्ज मिळाला. प्रकृती चालू स्थितीत आहे. अर्जासोबत फोटो जोडलेला नाही, सबब अर्ज अपूर्ण.'

मी खुर्चीत उडालोच. वीस वर्षांत माझ्या अर्जाला इतकं चटकन आणि इतकं सुंदर उत्तर कुणी दिलं नव्हतं! फोटो पाठवला. ती म्हणाली, 'फोटोतील इसम हसत का नाही? लेखी खुलासा करावा.' मी लिहिलं, 'इसम स्वभावतः गंभीर असून आपल्याकडून आदेश झाल्यास हसण्यास तयार आहे.' तिनं विचारलं, 'काही व्यसन?' मी लिहिलं, 'तंबाखू. सोडण्याची बाब विचाराधीन आहे.' लगेच उत्तर: 'विचार आठ दिवसांत संपवावा.' तानाजीनं पुडी तिथंच गटारात टाकली. सात वर्षं मंगल ओरडत होती, तेव्हा टाकली नव्हती.

रोज दुपारी एक वाजता हे चालायचं. आणि रोज दीडच्या सुमारास पिंकी लिहायची, 'अनिलकुमारजी, जेवलात का? आधी जेवून घ्या बघू.' आता तुम्हीच सांगा. चौदा वर्षांच्या संसारात मला कुणी 'बघू' लावून जेवायला सांगितलं नव्हतं. घरी म्हणतात, "ताट वाढलंय, थंड झाल्यावर मला बोलू नका." मी लाजत लाजत डबा उचलायचो आणि मागं लिंबाखाली जाऊन जेवायचो. जेवताना दोन घास जास्त जायचे. केसांना तेल लावायला लागलो. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती, ती बदलून आणली.

(मनात काही वाईट नव्हतं हो. पण साहित्यिक माणसाला एक वाचक मिळाला की तो जरा हलतोच.)

तानाजी कधी माल घेऊन हैद्राबादला गेला, तर त्या दिवशीही मी काम खोळंबू दिलं नाही. प्रकरण चालू ठेवायला नको का?

दोन महिन्यांनी पिंकीनं लिहिलं, 'मला पसंत आहे. पण काशप्पामामाला विचारा.' तानाजी त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून मनातलं बोलला. म्हणाला, "दाजी, हे मोडलं तर मी पुन्हा पोहे खायला कुठं जाणार न्हाई. सांगून ठेवतो." त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. मलाच कसंतरी झालं.

मंगलला सांगितलं. तिनं हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाली, "मामाचा मान मोठा असतो तिकडं. भाचीशी लगीन करायचा पयला हक्क मामाचा. त्येनं सोडलं तरच पोरगी भाईर जाती. नारळ घ्या, चार माणसं घ्या, मन्नाएखेळ्ळीला जा, त्येच्यापुढं बसा, बोला."

"अगं, त्या मामाला बायको आहे, दोन पोरं आहेत. तो कशाला हक्क सांगतोय?"

"हक्क सांगो न सांगो, इचारावं लागतं. आन नीट करा. सात जागी हसं झालंय माझ्या भावाचं."

आता, मन्नाएखेळ्ळीला जाणं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि बोलणार कोण? तानाजी? मी शेडमध्ये बसून विचार केला. हक्क, वारस, सोडून देणं... हे तर माझ्या रोजच्या कामातलं! जमिनीच्या फेरफाराला आपण काय करतो? हितसंबंधिताला नोटीस काढतो. छापील मसुदा कॉम्प्युटरमध्ये होताच. फक्त 'जमीन' काढून 'भाची' घातलं.

'श्री. काशप्पा, हॉटेलवाले, मन्नाएखेळ्ळी यांस कळविण्यात येते की, आपली भाची पिंकी हिच्याबाबत विवाहाचा अर्ज प्राप्त झाला आहे. सदर भाचीवर आपला मामा या नात्याने काही हक्क असल्यास व त्यास हरकत असल्यास ती पंधरा दिवसांच्या आत कळवावी. मुदतीत हरकत न आल्यास आपली काही हरकत नाही असे समजण्यात येईल.'

आणि जोडपत्राशिवाय कागद जाऊ द्यायची मला सवय नाही. म्हणून रोज डबा उचलायच्या आधी काढून ठेवलेल्या चॅटिंगच्या प्रिंटची अकरा पानं जोडली. अर्जदार म्हणून तानाजीचं नाव बारीक अक्षरात घातलं, खाली माझा ठसठशीत शिक्का मारला, आणि रजिस्टर पोस्टानं रवाना केलं. घरी सांगितलं, "मामाचं काम झालं."

"गेलाव व्हय?" मंगल खूश होऊन म्हणाली.

"पोचलं समज," मी म्हणालो.

चौदाव्या दिवशी बाजार होता. शेडपुढं एक जीप उभी राहिली आणि सहा माणसं उतरली. पुढचा माणूस दरवाजाएवढा. हातात माझीच नोटीस.

"अनिलकुमार कोण?"

"मीच. काय अर्ज लिहायचाय?"

"अर्ज तूच लिहिलायस की रे! मी काशप्पा. पोरीला मागणी पोस्टानं घालतो व्हय? आमची पोरगी काय सर्वे नंबर हाय?"

बाजारातली माणसं भाजी सोडून इकडं वळली. काशप्पानं अकरा पानं उघडली. एकाआड एक ओळीच्या पुढं माझ्या खात्याचं नाव: अनिलकुमार, अनिलकुमार, अनिलकुमार. खाली शिक्काही अनिलकुमारचाच. तानाजीचं बारीक नाव कुणाला दिसतंय?

"लगीन झालंय का तुझं?" काशप्पानं विचारलं.

"झालंय, पण..."

"ऐका रे! लगीन झालंय, तरी 'पण' म्हणतोय!" आणि तो मोठ्यानं वाचायला लागला. इंग्रजी अक्षरांतली मराठी तो एकेक अक्षर लावून वाचत होता, त्यामुळं एकेक शब्द सगळ्या बाजारात नीट पसरत होता. "आ-प-ल्या... हा-स्या-ची... साक्षांकित प्रत मिळाल्यास... अर्जदार ती... काळजाच्या कपाटात... जतन करील."

गर्दीतनं कुणीतरी शिट्टी मारली. आणि तेवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली, कारण मधनं भाजीची पिशवी घेऊन मंगल येत होती.

"हे माझ्या भावासाठी हाय," मंगल काशप्पाला ठामपणे म्हणाली. मला वाटलं, वाचलो. मग तिनं पान हातात घेतलं. तारखेवर बोट ठेवलं. "पर तानाजी त्या मंगळवारी हैद्राबादला हुता."

मी चष्मा पुसायला लागलो.

"काळजाचं कपाट कुणाचं हे?" मंगलनं विचारलं.

"अर्जदाराचं," मी म्हणालो.

"अर्जदार हैद्राबादला हुता."

काशप्पानं कागद चुरगळले. "चला रे. न्हाई द्यायची पोरगी. माझी हरकत हाय म्हणून लिहून घे!"

माझं काय व्हायचं ते होवो, पण तानाजीचं? तेवढ्यात जीपच्या मागं टेम्पो थांबला. तानाजी उतरला. गर्दी, जीप, काशप्पाच्या मुठीतले कागद, सगळं त्यानं बघितलं. त्याच्या कानापासून मानेपर्यंत घाम फुटला होता. तो सरळ काशप्पापुढं येऊन उभा राहिला.

"मामा," तो म्हणाला, "त्ये मी हाय."

"तू कोण?"

"टेम्पोवाला. लगीन मला करायचंय. दाजीला टायपाया येतंय म्हणून बसवलं. चूक माझी हाय. मी सोता यायला पायजे हुतो, पर मला बोलाया येत न्हाई."

"आता बोलायलास की!"

"आता लय गरज हाय म्हणून."

काशप्पानं त्याला खालीवर बघितलं. मग मोबाईल काढला, पुण्याला लावला, आणि आवाज मोठा केला. "पिंके, खरं बोल. ह्यो चष्मेवाला, का त्यो टेम्पोवाला?"

"अय्यो मामा!" पलीकडनं पिंकी किंचाळली. "त्या चष्मेवाल्याचं नाव नका काढू! त्यो मोठं मोठं लिहितो, सुरवातीला लय हसाया आलं, मग माझी जेवायची सुट्टी संपाया लागली. म्हणून मी रोज दीड वाजता त्येला जेवाया हाकलते. त्यो गेला की तानाजी टायपतो. एका बोटानं."

"काय टायपतो?"

"'आज भालकीचा माल हाय. तू जेवली का.' येवढंच. एकदा लिहिलं, 'तू गाडीत आसलीस की हळू चालवीन.' मामा, मला त्योच पायजे."

काशप्पा हसला, असा हसला की जीपची काच हलली. तानाजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "रविवारी नारळ घिऊन ये. ह्या शिक्केवाल्याला घरीच ठेव." माझी नोटीस त्यानं फाडून मलाच परत दिली.

तानाजीचं लग्न ठरलं. इकडं माझा संसार मात्र बंद पडला. मंगलनं भांडण केलं नाही, बोलणंच सोडलं. ताट ठेवायची आणि आत जायची. पाच दिवस झाले. मग मी ठरवलं, हिला पण लिहायचं. आणि आयुष्यात पहिल्यांदा विषय, महोदया, विनंती, जोडपत्र यातलं काहीही न घालता कॉम्प्युटरवर लिहायला बसलो. एक पान लिहायला तीन दिवस लागले. लिहिलं की, भाकरी करपली की तू ती स्वतःच्या ताटात घेतेस आणि चांगली मला वाढतेस, हे मी चौदा वर्षं बघतोय आणि चौदा वर्षं गप्प खातोय. लिहिलं की, तू माहेरी गेलीस की मला चहा गोड लागत नाही, म्हणून मी तो पीतच नाही. सकाळी ते पान पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवलं आणि दाराआड उभा राहिलो.

तिनं वाचलं. परत वाचलं. पदरानं डोळे पुसले. मला हाक मारली, आणि पुढ्यात आल्याचा चहा ठेवला.

"लय चांगलं हाय," ती म्हणाली. आवाज भिजलेला.

"मनापासनं आहे," मी म्हणालो.

"ते कळायलंय. पर लगीन चार दिवसांवर आलंय, त्येच्यामागं किती कामं हायत. त्येला कशाला लिहाया बसवलाव?"

"कुणाला?"

"आता मला शिकवू नका. तुमचं लिहिणं मी बाजारात ऐकलंय." आणि ती आत वळून म्हणाली, "तानाजी, ये रे, चहा घे. लय नीट लिहिलास बाबा."

तानाजी आला. माझ्या शेजारी बसला. ते पान हातात घेऊन सावकाश वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि बशीत चहा ओतत, जन्मात पहिल्यांदा न अडखळता म्हणाला, "त्यात काय अक्का, दाजीसाठी येवढं बी करू न्हाई व्हय?"