आठ नंबरचा साधा दिवस

डॉक्टरांनी आईकडे एक साधा दिवस मागितला होता. रक्त नको, लघवी नको, उपाशीपोटी यायलाही नको. फक्त चोवीस तासांचा एक रोजच्यासारखा दिवस. छातीवर पाच चिकट्या, चिकट्यांना पाच वायरी, आणि वायरी कमरेच्या पट्ट्यातल्या डबीत खोचलेल्या. डबी दिवसभर हृदयाचे ठोके टिपून ठेवणार आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर ते वाचणार.

"आंघोळ तेवढी करू नका," यंत्र बसवणारी तंत्रज्ञ म्हणाली. "बाकी रोज जसं वागता तसंच वागा. वेगळं काही करायचं नाही." तिनं लेकीच्या हातात एक छापील कागद दिला. त्यावर तीन रकाने होते : वेळ, काय केलं, कसं वाटलं.

आईला पालीची भीती होती, लिफ्टची होती, दुपारी वाजणाऱ्या बेलची होती. त्यात आता 'वेगळं काही करायचं नाही' याची भर पडली. टॅक्सीचं दार उघडून ती तशीच उभी राहिली.

"अगं, मी रोज आधी उजवा पाय टाकते की डावा?"

"तू रोज टॅक्सीत बसतच नाहीस, आई."

"म्हणजे सुरुवातच चुकली!" आई म्हणाली आणि तिनं कमरेची डबी घट्ट धरली.

लेक त्रेचाळीस वर्षांची होती आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. वडील गेल्यापासून घरात आई भित्री आणि लेक धीट अशी वाटणी झालेली होती. पाल लेकीनं हाकलायची, दार लेकीनं उघडायचं, डॉक्टरांशी लेकीनं बोलायचं. त्या वाटणीबद्दल दोघींची कधी तक्रार नव्हती.

घरी पोचल्या तर दारात सात आणि नऊ बसलेल्या.

आईनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली होती. फोन जोडायचा तिचा बोर्ड आठ नंबरचा. डाव्या हाताला सात, उजव्या हाताला नऊ. एकमेकींची खरी नावं त्यांना हजेरीपटावरच दिसायची. एरवी 'ए सात', 'ए नऊ'. लेकीच्या त्या सातमावशी आणि नऊमावशी. एखादीला जागेवरून उठायचं असलं की शेजारीण म्हणायची, "जा तू, मी बोर्ड धरते," आणि दोन्ही बोर्ड एकटी सांभाळायची. पुढे एक्स्चेंज बंद झालं, बोर्ड भंगारात गेले, पण धरणं काही सुटलं नाही. सातचं गर्भाशय काढलं तेव्हा आठनं तिचा बोर्ड धरला, म्हणजे तिचा स्वयंपाक, तिचा नवरा आणि नवऱ्याची कटकट. नऊचा मुलगा भांडून घर सोडून गेला तेव्हा दोघी आळीपाळीनं महिनाभर तिच्याकडे झोपायला गेल्या. आता आठचा बोर्ड धरायची पाळी आली होती.

"तुम्ही रोज चारला येता," लेक म्हणाली. "आत्ता साडेनऊ वाजलेत. आज वेगळं काही करायचं नाहीये."

"मग चारपर्यंत आम्ही आलेलोच नाही असं समज," असं म्हणून सातमावशी आत शिरली आणि खुर्ची ओढून बसली. ती उंच, हाडकुळी आणि हुकमी आवाजाची.

नऊमावशी गुबगुबीत होती आणि तिचे डोळे कायम भरून आलेले असत. तिची नजर आईच्या पदराखालून डोकावणाऱ्या वायरींवर गेली आणि चेहरा पांढराफटक पडला. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि लेकीला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"पलीकडे कोण आहे?" तिनं कुजबुजत विचारलं.

"कशाच्या पलीकडे?"

"वायरीच्या!"

"मावशी, पलीकडे कोणी नाही. ते नुसते ठोके मोजतं. बोलणं ऐकू जात नाही."

"पोरी, तीस वर्षं मी वायरीवर बसले. वायर आहे म्हणजे पलीकडे कोणीतरी ऐकत असतं. सगळ्यांना वाटायचं कोणी ऐकत नाही. कोण ऐकायचं माहितीये? आम्ही!"

या युक्तिवादापुढे लेक हरली. दहा मिनिटांत घरातला आवाज बंद झाला. आईनं पाठ ताठ केली आणि तिच्या तोंडून एक्स्चेंजमधला जुना, इस्त्री केलेला आवाज येऊ लागला. "कृपया मला पाणी मिळेल का?" पाणी मिळाल्यावर, "धन्यवाद." लेकीला आईनं जन्मात धन्यवाद म्हटलेलं नव्हतं. तिला दरदरून घाम फुटला.

दहा वाजता तिघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून थोडा वेळ बसल्या. लेकीनं कागदावर लिहिलं : १०.०० – विश्रांती. ठीक.

साडेदहाला आई रोज धुणं वाळत घालायला गच्चीवर जायची. बासष्ट पायऱ्या. आई बादली घेऊन उठली तशी सातनं बादली हिसकली.

"डॉक्टर म्हणालेत, रोजचं सगळं झालं पाहिजे," आई हळूच म्हणाली.

"होणार. धुणं रोजच्यासारखं वाळणार. कोणी चढायचं ते डॉक्टर म्हणालेत का?"

सात बासष्ट पायऱ्या चढली, उतरली आणि धापा टाकत कोचावर आडवी झाली. आई पाखर घालावी तशी तिच्याजवळ बसली आणि वर्तमानपत्रानं तिला वारा घालू लागली. नऊ रडायला लागली. आवाज होऊ नये म्हणून तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि तिला ठसका लागला. मग आई तिच्या पाठीवर थापट्या मारू लागली. हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते लेकीला कळेना. तिनं लिहिलं : १०.४५ – जिना चढून झाला (सातमावशींचा). ठीक.

दुपारपासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. जुन्या कॅलेंडरची पानं फाडून त्यांच्या मागे लिहायचं, वाचून झालं की बारीक तुकडे करायचे. त्या पेन्सिलींच्या खरखरीनं घराचा परीक्षेचा वर्ग झाला.

चारला पत्ते पडले. रोज पत्त्यांवरून हमखास भांडण व्हायचं, तेव्हा ते व्हायलाच हवं होतं. पण पलीकडे ऐकणाऱ्याला काय वाटेल?

"क्षमस्व," सात म्हणाली, "आपण माझं पान पाहिलंत."

"आपला गैरसमज झाला आहे," आई म्हणाली.

"आपण चाळीस वर्षं माझी पानं बघत आहात."

"आपण ती धरताच तशी. धन्यवाद."

नऊनं घाबरून दोघींचे हात धरले. आई तिन्ही डाव जिंकली.

पाचला लेक चहाचे कप उचलायला गेली. सातच्या बशीखाली एक चिठ्ठी फाडायची राहिली होती. सवयीनं लेकीनं आधी तिच्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक पाहिली, मग मजकूर. वर सातचं ठसठशीत अक्षर : 'परवा मोरीत शुद्ध हरपून पडलीस ते पोरीला सांगितलंस का?' खाली आईचं तिरकं : 'नाही. ती घाबरते. लहानपणापासून घाबरते. दाखवत नाही एवढंच.'

लेकीनं ती दोनदा वाचली. मग होती तशी बशीखाली सरकवली, दुसऱ्या बाजूचे दोन कप उचलले आणि बाहेर येऊन लिहिलं : ५.०० – चहा. ठीक.

दुसऱ्या दिवशी तिघी आणि लेक अशा चौघी दवाखान्यात गेल्या. तंत्रज्ञ बाईनं डबी संगणकाला जोडली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"काय झालं?" लेकीनं विचारलं. तिच्या कानात दडे बसल्यासारखं झालं होतं.

"काल सकाळी दहा वाजून दोन मिनिटांपासून सरळ रेघ आहे."

"सरळ म्हणजे चांगलीच ना?" आई म्हणाली. आयुष्यभर तिनं सरळपणाचं कौतुक केलेलं होतं.

"आजी, हृदयाची रेघ सरळ असून चालत नाही. यंत्राचं ऐकायचं तर तुम्ही काल दहा वाजून दोन मिनिटांनी..."

"आणि चारला मी तीन डाव जिंकले?"

"तरीच!" सातमावशी कडाडली. काल सकाळपासून कोंडलेला आवाज होता तो. बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "तरीच म्हटलं एवढे हुकूम हिच्याकडे आले कुठून! वरून मदत होती!"

आई हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सात हसली, तंत्रज्ञही हसली. नऊ मात्र भिंतीला टेकून आपल्या चपलांकडे बघत होती.

हसण्याचा आवाज ऐकून डॉक्टर डोकावले. "वायर सुटली असणार," ते म्हणाले. "हरकत नाही, गुरुवारी पुन्हा बसवू. पुन्हा एक साधा दिवस. मधे चक्कर वगैरे आली नाही ना? कुठे पडलाबिडलात? तसं असेल तर थांबायला नको, आजच दाखल करून घेतो."

"छे हो," आई म्हणाली.

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं आईकडे पाहिलं. आईचे डोळे हसून हसून अजून ओले होते आणि ती डॉक्टरांकडे अगदी निष्पाप चेहऱ्यानं बघत होती.

"गुरुवारी किती वाजता येऊ?" लेकीनं विचारलं.

बुधवारी दुपारी साडेतीनला आई पत्ते पिसून टेबलावर ठेवून खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्याच गेली. चारला सातनं बेल वाजवली. दार कोणी उघडलं नाही.

त्यानंतर सात रोज चारला येत राहिली. लेक छापखान्यातून परतेपर्यंत ती गच्चीवरचे कपडे काढून आणायची, घड्या घालायची, आणि लेक आली की विचारायची, "कशी आहेस?" लेक म्हणायची, "ठीक." महिना झाला तरी नऊ आली नव्हती. ती जेवत नाही, उठत नाही, असं सात सांगायची. एका रविवारी सातनं तिला दंडाला धरून आणलं आणि आईच्या घरात लोटलं.

"बोल," सात म्हणाली. "मला रोज सांगतेस ते तिला सांग."

नऊमावशी निम्मी झाली होती. ती उंबऱ्याशीच उभी राहिली. बोलली ती कुजबुजत, वायर अजून घरात असल्यासारखी.

"डबीतली पिन मी काढली होती. दहा वाजता. आठला मोकळं बोलायचं होतं गं. एक्स्चेंजमध्ये आम्ही अशीच काढायचो, दोन मिनिटांसाठी. मी परत लावली, देवाशप्पथ लावली. पण चुकीच्या भोकात बसली असणार. ती रेघ असती तर डॉक्टरांना कळलं असतं. तिला त्यांनी ठेवून घेतलं असतं. पोरी, मी तुझ्या आईला..."

सातनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

महिनाभर लेक मनातल्या मनात हेच ऐकायची वाट बघत होती. वायर कोणी सुटू दिली, ती नीट का बसवली नाही, चूक कोणाची? त्या कोणावर तरी ती छापखान्यात, बसमध्ये, अंथरुणात शांतपणे चिडत असायची. आता ते माणूस समोर उभं होतं, निम्मं होऊन. 'असू दे, मावशी' एवढं म्हटलं असतं तरी लेकीचं मोठं मन दिसलं असतं आणि सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं.

तिनं नऊमावशीला हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर जमिनीवर बसली. मग ती बोलली. कुजबुजत नाही, खिडकीशी उभ्या असलेल्या सातलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"मावशी, डॉक्टरांना रेघेची गरज नव्हती. आई मोरीत पडली होती, ते मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. तुमची चिठ्ठी मी वाचली होती. त्यांनी विचारलं तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. एक शब्द बोलले असते तर त्यांनी तिला तिथेच ठेवून घेतलं असतं. मी गुरुवारची वेळ विचारली." "मला भीती वाटली, मावशी. मला पहिल्यापासून सगळ्याची भीती वाटते. आत्तासुद्धा वाटतेय."