एका चार्जमध्ये नागपूर

अंबरीशदादा पहाटे गेले आणि ही बातमी कळल्यावर नीलकंठरावांनी सगळ्यात आधी गाडीच्या टायरांतली हवा तपासली.

नीलकंठरावांनी जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर तपासायला इलेक्ट्रिक गाडी तेवढी उरली. भेडाघाटच्या फेऱ्या मारमारून त्यांनी तिला एका चार्जमध्ये दोनशे नव्वद किलोमीटर पळवून दाखवलं होतं. नागपूर दोनशे सत्तरवर होतं.

दादा म्हणजे नीलकंठरावांच्या पत्नी हेमलताबाईंचा एकुलता भाऊ. भाचा सुमेध फोनवर म्हणाला, “आत्या, बाराला न्यायचं ठरलं. मे महिना आहे, जास्त ठेवता येत नाही. पण तू तोंड पाहिल्याशिवाय उचलणार नाही.”

“टॅक्सी करू,” हेमलताबाई म्हणाल्या.

“टॅक्सी काहून? घरची गाडी आहे नं.”

सातला निघाले. बाईंची बॅग दारातच राहिली, कारण वजनानं रेंज जाते. एसी बंद, कारण तो बॅटरी खातो. काचाही बंद, कारण वारा गाडीला मागे ओढतो. लखनादौन येईपर्यंत बाईंचा पदर ओला झाला होता. त्यात रडणं किती आणि घाम किती, हे सांगणं कठीण होतं. एक वऱ्हाडाची बस वाजतगाजत पुढे निघून गेली.

“थोडं जोरात चालवा नं.”

“हेमा, नव्वदवर नेली तर सिवनीच्या पुढं नाही जाणार.”

सिवनीला चार्जिंग स्टेशन दिसलं. बाई म्हणाल्या, “इथं थांबा. पाऊण तास चार्ज करू, मग पळवा.”

“तिकडं दादा वाट पाहून राहिले अन् आपण इथं चहा पीत बसायचं? पाऊण तास वाया? मी थांबणार नाही.”

दादांवर त्यांचाही जीव होता, म्हणूनच ते थांबले नाहीत. पण न थांबता पोचायचं तर बॅटरी पुरवायला हवी, म्हणून त्यांनी वेग चाळीसवर आणला. पाऊण तास वाचवायला ते दीड तास जास्त घालवत आहेत, हे तीस वर्षं तोफा तपासलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

साडेअकराला सुमेधचा फोन आला. “काका, कुठपर्यंत पोचले?”

“अठ्ठेचाळीस टक्के.”

“म्हणजे कुठं?”

नीलकंठरावांना मैलाचा दगड शोधावा लागला. पुढच्या उतारावर बॅटरी एक टक्क्यानं वाढली. “वाढली बघ,” ते म्हणाले. बाईंनी बघितलं नाही.

दीडला पुन्हा फोन आला. या वेळी सुमेध हळू बोलत होता. “आत्या, बाबांना आता नाही ठेवता येत. निघून राहिलो आम्ही. तू घरी नको येऊ, सरळ घाटावर ये.”

दादांचं घर कामठी रोडवर, शहराच्या अलीकडे. घाट शहरात. गाडी त्या घराच्या गल्लीवरून चाळीसच्याच वेगानं पुढे गेली. थोड्या वेळानं मागून हॉर्न वाजला. नीलकंठरावांनी शिस्तीत डावीकडे घेऊन वाट दिली. बाजूनं शववाहिनी निघून गेली. काचेआड सुमेध मान खाली घालून बसला होता.

“माझा दादा गेला पुढं,” हेमलताबाई म्हणाल्या. “अहो, तोसुद्धा गेला आपल्या पुढं.”

मग नीलकंठरावांनी पाय दाबला. गाडी अशीही पळते हे त्यांना त्या दिवशी कळलं. टक्के भराभर उतरत होते आणि ते पहिल्यांदाच तिकडे बघत नव्हते. तिसऱ्या चौकात सिग्नल लाल झाला. शववाहिनी थांबली होती. सिग्नलवर ब्याऐंशीचा आकडा उतरू लागला.

गाडी थांबते न थांबते तोच बाई उतरल्या आणि वाहनांतून वाट काढत धावल्या. सुमेधनं मागचं दार उघडलं. त्यांनी फुलं बाजूला केली, पदरानं दादांचा गाल पुसला आणि वाकून कानाशी काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते नीलकंठरावांना ऐकू आलं नाही. ते स्टिअरिंगवर हात जोडून बसले होते. बाजूच्या रिक्षावाल्यानं रेडिओ बंद केला.

हिरवा दिवा लागला. कुणीही हॉर्न वाजवला नाही. शववाहिनी वळून गेली तेव्हा बाई परत येऊन बसल्या. त्यांनी स्वतःच एसी लावला आणि पडद्यावरचा आकडा बराच वेळ पाहिला.

“सतरा उरले,” त्या म्हणाल्या. “आता सावकाश चला.”