एक कार्ड, दोन पत्ते

"आमच्या नजरेतून वायर सुटत नाही आणि तावडीतून गुन्हेगार," असं तपासराव कोणत्याही दारातून शिरताना म्हणत. तसे ते संगणक दुरुस्त करत. पण दुरुस्ती हा शब्द त्यांना हलका वाटे. ते 'छडा' लावत. हत्यारांची पिशवी घेऊन मागून येणारी त्यांची बायको अशा वेळी शांतपणे चष्मा पुसून घेई.

त्या दिवशीचं बोलावणं प्राण्यांच्या दवाखान्यातून होतं. टेबलावर बोक्या नावाचा कुत्रा कण्हत पडला होता. त्याने काहीतरी गिळलं होतं. एक्स-रे काढून झाला होता, पण यंत्रातलं चित्र डॉक्टरीणबाईंच्या संगणकावर येतच नव्हतं. बोक्याचे म्हातारे मालक त्याच्या कानामागे हात फिरवत होते. दोघांपैकी जास्त कोण घाबरलंय, ते सांगणं कठीण होतं.

तपासरावांनी लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाकली आणि खुर्चीतून उठलेच.

"संगणकात नेटवर्कचं कार्ड एक, आणि त्याचे पत्ते दोन! सज्जनाला दुसरा पत्ता लागतोच कशाला?"

"अहो, एका कार्डाला दोन पत्ते असू शकतात," बायको म्हणाली. "त्यात गुन्हा नाही. चित्र कुठे अडतंय ते बघा."

"असू शकतात, असं सगळेच गुन्हेगार म्हणतात."

पहिला संशय शेजारच्या दातांच्या डॉक्टरवर गेला. तपासरावांनी भिंतीला कान लावला. पलीकडे कुणीतरी गुळण्या करत होतं. दुसरा संशय प्रिंटरवर, कारण तो "फारच गप्प" होता. तिसरा मालकांवर.

"तुम्ही इथे कशासाठी आलात?"

"कुत्र्याचं पोट दुखतंय म्हणून," म्हातारा काकुळतीला येऊन म्हणाला.

शेवटी त्यांनी दुसरा पत्ता पुसून टाकला आणि विजयाचं भाषण सुरू केलं. भाषण संपायच्या आत पत्ता पुन्हा पडद्यावर हजर!

"भूत!" तपासराव कुजबुजले.

बोक्या विव्हळला. डॉक्टरीणबाईंचा धीर सुटला. त्यांनी स्वतःच पडद्याशी वाकून दोन्ही ओळी वाचल्या.

"इथे 'डायनॅमिक' लिहिलंय, तिथे नाही. असं का?"

"हा राउटरकडून आपोआप मिळालेला," बायको म्हणाली, "आणि तो हाताने कायमचा लिहून ठेवलेला."

"म्हणजे दोघं जण पत्ते देतायत? आमच्याकडे मी गोळी देते आणि कंपाउंडर तीच पुन्हा देतो, तसं? आणि एक्स-रेचं यंत्र तर फक्त कायमचा पत्ता ओळखतं. बसवणाऱ्याने बजावलं होतं."

"मग संगणक राउटरने दिलेल्या पत्त्यावरून चित्र मागतोय आणि यंत्र त्याला दारातूनच परत पाठवतंय!" बायको म्हणाली.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," मालक पुटपुटले.

"करा त्या दुसऱ्याचा पत्ता कट!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

राउटरकडे पत्ता मागणारा प्रोग्रॅम बायकोने कायमचा बंद केला. दुसरा पत्ता गेला, परत आला नाही. पडद्यावर बोक्याचं पोट उमटलं आणि पोटात एक अख्खा चमचा.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले आणि सगळ्यांना बाहेर काढलं. बाकावर मालकांनी बायकोचा हात घट्ट धरून ठेवला. तिनेही तो सोडवून घेतला नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं. ट्रेमध्ये चमचा होता.

"उद्या घरी न्या. पठ्ठ्या ठीक आहे."

म्हाताऱ्याचे डोळे वाहू लागले. बायकोनेही चष्मा काढला.

तपासरावांनी घसा खाकरला. "मला सुरुवातीपासून चमच्यावरच संशय होता."